साहेबाला दिलेलं नाव

१२ जून
खाल्लं — वॉलरसचं मांस, कडक बिस्किटं, चहा. झालं!
दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वही दिलीय. काय काय खाल्लं ते लिहायचं, म्हणजे अंगात विष कुठून येतं ते कळेल म्हणे. मी अंगठाछाप. म्हणून मी बोलते, डेला लिहिते. डेला माझ्या आत्याची मुलगी. शाळेत चार अक्षरं शिकली त्याचा तोरा म्हातारपणीही उतरलेला नाही. आत्ता हे लिहितानाही नाक फुगलंय. फुगू दे! रागावता येत नाही तिला. आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच, आणि ज्याला राग आला तो हरला — आमच्या बेटाचा नियम आहे. जन्म गेला, आमच्या दोघींत अजून कुणी हरलेलं नाही.

१३ जून
खाल्लं — कालचंच.
विष कुठून येतं ते मी वहीशिवायही सांगितलं असतं. पण मला विचारून कसं चालेल!

१९ जून
खाल्लं — पाखराची अंडी. डेलानं तीन, मी एक. लिही, लिही, खाडाखोड करू नकोस.
आम्ही पोरी होतो तेव्हा फौज आली. ओढ्याच्या वरच्या अंगाला तळ बांधला. समुद्रापलीकडच्या शत्रूकडे कान लावून बसले. शत्रू काही आला नाही. कंटाळून गेले बिचारे. जाताना पाहुण्यांनी भेट ठेवावी तशी गळकी पिंपं ठेवली, विजेची मोठाली यंत्रं ठेवली, त्यांतलं तेल ठेवलं. पिंपं मागाहून नेली. पिंपांतलं होतं ते ओढ्याला देऊन टाकलं. उदार माणसं!
ओढ्याच्या तोंडाशी कियुकचं उन्हाळी खोपट. कियुक म्हणजे डेलाचा भाऊ, माझा आतेभाऊ. आधी त्याची बायको गेली, मग थोरला मुलगा. मागच्या हिवाळ्यात तो स्वतः. सगळ्यांना गाठी. डेलाही दर उन्हाळ्यात तिथंच मासे वाळवायची.
आता तिची पाठ दुखते. खुर्चीचा दोष आहे म्हणते. खुर्ची बदलली. पाठ तीच.

२ जुलै
खाल्लं — सभेतलं बिस्कीट. गोड. फुकट.
सफाईवाला साहेब आलाय. ब्रॅडली. तरुण आहे, कान लाल. धुक्यामुळे विमान यायला चार दिवस उशीर, तरी हसत होता. भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. साफसफाई पूर्ण झाली म्हणाला. जमिनीत थोडं राहिलंय, पण "धोका मान्य पातळीत आहे."
मी विचारलं, "मान्य कुणी केला? मी तर घरीच होते."
सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, पोटुशी बायकांनी ओढ्याचा मासा महिन्यातून एकदाच खावा.
डेला म्हणाली, "आणि माशाला कळवलंत का, महिन्यातून एकदाच जाळ्यात यायचं म्हणून?"
साहेबाला गावातल्या म्हाताऱ्यांची संमती हवीय. ती मिळाली की ऑगस्टमध्ये काम पूर्ण म्हणून सही करणार. सही झाली की फाइल बंद. ती माती मग कुणी कधीच उकरणार नाही. मी मान हलवली नाही. बाकीचे थकलेत. हलवतील.

५ जुलै
खाल्लं — आठवत नाही. उद्योगात होते.
परक्या माणसाची टर उडवली तर तो अपमान. भावाची उडवली तर संस्कार! मग साहेबाला भाऊच करून टाकला. आमच्यात मेलेल्याचं नाव ज्याला द्याल तो तोच होतो. पाद्री, मास्तर, पायलट, सगळ्यांना आमचं नाव घ्यायची हौस. ह्यालाही होती. हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "आजपासून तू कियुक."
डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या! "केवढा मान दिलात, आजीबाई," म्हणाला.
"आजीबाई कुणाला म्हणतोस मेल्या? बहीण आहे मी तुझी. आणि तुझे कान कसले असे, उकडलेल्या खेकड्यासारखे?"
डेला एका कोपऱ्यात हसून हसून वाकली. मग वाकलेलीच राहिली. पाठ.

९ जुलै
साहेब आता गावातून जाताना सगळ्यांना सांगतो, मी कियुक. पोरं ओरडतात, "कियुक, जाळं कुठंय?" लाजतो. माणूस वाईट नाही. तीच तर पंचाईत.

३० जुलै
खाल्लं — चहा.
डेला अँकरेजला जाऊन आली. मोठ्या इस्पितळात आत काय काय घालून बघितलं. मी विचारलं, "मेंदू सापडला का?"
"नाही. गाठ सापडली. मेंदू तुझ्याकडेच राहिला असेल, वापरलेला दिसत नाही."
बरं.
मग दोघी चहा प्यायलो. जरा वेळानं म्हणाली, "मी गेले तर माझं नाव वाया घालवू नकोस. कुठल्या गोड बाळाला देशील रडत रडत. पुढच्या साहेबाला दे. आतून त्याची झोप उडवते."
हे लिही म्हटलं. लिहिलंन. अक्षर तेवढं वाकडं आलं.

१६ ऑगस्ट
खाल्लं — काहीही नाही, आणि कुणालाही खाऊ दिलं नाही. सांगते.
आज सहीची सभा होती. मी पहाटे डेलाला चार चाकांच्या होंडा गाडीवर मागे बसवून ओढ्यावर गेले. जाळं टाकलं. चांगला जाडजूड मासा मिळाला. उकडला, वर सीलचं तेल घातलं. ताट घेऊन हॉलमध्ये.
"कियुक, गेल्यापासून तू तुझ्या ओढ्याचा मासा खाल्ला नाहीस. मेलेला माणूस आपलं नाव घेतलेल्याच्या तोंडानं जेवतो. जेव."
मला वाटलं होतं, पोट बिघडलंय म्हणेल. दात दुखतोय म्हणेल. मग सगळं गाव हसलं असतं आणि सही तिथंच बुडाली असती. तयारीच होती माझी, चार टोमणे तोंडात तयार!
तर त्यानं काटा उचलला. "आमचे आकडे बरोबर आहेत, ताई," म्हणाला. खरंच विश्वास होता त्याचा. मोठा घास घेतला, तोंडाशी नेला —
मी त्याच्या हातावर फटका मारला. मासा खाली, काटा खाली, तेल त्याच्या कागदांवर.
मागून डेला ओरडली, "रागावली! हरली!"
"राग नाही गं, भीती आहे! भीती चालते!"
साहेब हाताकडे बघत राहिला. "का?" म्हणाला.
"भाऊ आहेस तू, गाढवा."
एवढंच सुचलं. साहेब गुडघ्यांवर टेकला, जमिनीवरचा मासा पिशवीत भरला आणि सही न करता उठला. एकदा नाव देऊन टाकलं ना, आता तो खराच कियुक झाला. माझा डाव माझ्यावरच.

१७ ऑगस्ट
डेला दिवसभर चिडवतेय. भीती म्हणजे रागाची आतेबहीण, म्हणते. शिकलेली ना ती!

८ सप्टेंबर
खाल्लं — दुकानातलं कोंबडं. बिचारं आमच्यापेक्षा जास्त विमानात बसलेलं.
ग्रामसभेच्या ऑफिसात साहेबाचा फोन आला. मासा तपासला म्हणे. वरच्यांना सांगितलं, माती उकरल्याशिवाय सही करणार नाही. वरच्यांनी त्याला ह्या कामावरून काढलं. "माझ्या बहिणीला सांगा," म्हणाला. ऑफिसातल्या पोरीला कळेना, कुठली बहीण.
डेला आडवी पडूनच लिहितेय. म्हटलं, राहू दे आज. म्हणते, तू बोल, तुझं तोंड कुठं थकतं?

२३ ऑक्टोबर
अक्षर वेगळं दिसेल. माझी नात मर्ना लिहितेय.
खाल्लं — काही नाही.
डेलाला काल विमानानं घरी आणलं, पेटीतून. वादळामुळे तिलाही चार दिवस उशीर.
नवा साहेब मंगळवारी येतोय. उंच आहे म्हणे, टक्कल पडलंय. बरोबर तोच सहीचा कागद. तिचं नाव त्याला अजिबात शोभणार नाही. देणार.
मर्ना विचारते, आजी, रडतेस का?
नाही गं. राग आलाय. तिचाच.
लिही — डेला जिंकली.