आईच्या चौकटीतलं वर्ष

प्रिय छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला काही आडवंतिडवं विचारलं की नेमकी तेव्हाच तू दुरुस्त करत असलेली लिफ्ट तळघरात जाते आणि रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून हा खटाटोप. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं गाळायची तुझी शाळेपासूनची खोड मला माहीत आहे.

बाबा गेल्यापासून मी आपल्या घराण्याच्या मागे हात धुऊन लागले आहे, हे तू जाणतोसच. दुपारी चष्म्याचं दुकान बंद असतं, तेवढा वेळ कॉम्प्युटरसमोर बसते. बँकवाल्या काकांनी इंटरनेटवर आपली वंशावळ सुरू केली आहे. प्रत्येक माणसाला एक चौकट, तिच्यात जन्म, मृत्यू आणि चार ओळी माहिती. घरातल्या ज्याला परवानगी दिली त्याने भर घालायची, चुकलं असेल ते दुरुस्त करायचं. त्यामुळे भांडणंही घरातलीच. पणजोबांना एक शाखा सुतार लिहिते, दुसरी ठेकेदार. आईची चौकट मी भरली. तू अजून रांगतही नव्हतास ते वर्ष मृत्यूच्या जागी टाकलं, आत्याने सांगितलं होतं तसं. तारीख कुणालाच माहीत नव्हती. पुढच्या आठवड्यात बघते तर वर्ष गायब. आणि मृत्यूचं वर्ष नसलं की ती साइट आपोआप चौकटीत लिहिते, ‘हयात’.

मला वाटलं, माझाच हात लागला असेल. परत टाकलं, परत गेलं. त्यानंतरही गेलं तेव्हा मनात पाल चुकचुकली. मेलेल्या बाईला जिवंत करण्यात कुणाचा काय फायदा? म्हटलं, कुणीतरी उद्या खोटी आई उभी करणार आणि घरावर हक्क सांगणार. काकांना फोन करून असं झाडलं की शेवटी काकूंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. मग तुझ्या बायकोवरही संशय घेऊन झाला, तिला बोलू नकोस. काकांनी बिचाऱ्यांनी शोधून सांगितलं, की हे बदल ‘पाहुणी’ अशा नावाने कुणीतरी करतं. ही पाहुणी कोण, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी तुला फोन केला होता. एरवी माझ्या दुकानातला पंखा बंद पडला तरी तुझ्या चौकशा संपत नाहीत. आपल्या आईला कुणीतरी जिवंत करतंय म्हटल्यावर तू एवढंच म्हणालास, जाऊ दे ना ताई, वर्ष लिहायलाच हवं असं कुठे आहे? आणि लगेच तुझी रेंज गेली.

म्हटलं, पुरावाच आणते. जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. ती तिथल्या तिथे बसवून दिली, तेव्हा कुठे साहेब खुर्चीतून हलले. त्यांनी मागचीपुढची वर्षंही चाळली. आजोबा सापडले, शेजारचा शिंपी सापडला, आई नाही. बाई, तुमच्या आई आमच्याकडे वारलेल्या नाहीत, असं म्हणाले, आणि चष्मा छान बसला म्हणून हसले.

तशीच आत्याकडे गेले. तिच्या कानांचं तुला माहीत आहे. बिस्किटांचा पुडा फोडला तर वरच्या मजल्यावर ऐकू येतं, पण आई कशाने गेली विचारलं की ठार बहिरी. फारच लकडा लावला तेव्हा म्हणाली, तापाने. लहानपणी मला पोटाचं दुखणं सांगितलं होतं. मी म्हटलं, आत्या, मला दुधखुळी समजतेस का? तर भरदुपारी बसल्या जागी डोळे मिटून झोपली. पापण्या मात्र हलत होत्या.

त्या दिवसापासून घरातली एकेक वस्तू मला टोचायला लागली. आपल्या या घराच्या दाराचं कुलूपच घे, मी राहायला आले तरी अजून तेच आहे. किती वेळा अडकलं, किती वेळा आपण दोघं शाळेतून येऊन दप्तरं मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. कुलूपवाला म्हणायचा, हे आता फेकून द्या. भाजीवाल्याशी कधी घासाघीस न करणारे आपले बाबा त्याच्या अंगावर धावून गेले होते. तेल घाल, कानस मार, पण कुलूप बदलायचं नाही! आपण त्यांना चिक्कू म्हणून हसायचो. आता वाटतं, दुसरी किल्ली कुणाकडे तरी होती आणि ते वाट बघत होते.

आणि तुझा तो करडा स्वेटर. दुकानातून घेतला म्हणालास. खांद्यावर दोन बटणं असलेला मोठ्या माणसाचा स्वेटर कुठलं दुकान विकतं रे? आईने विणलेल्या माझ्या लहानपणच्या स्वेटरला तश्शीच बटणं आहेत, अजून पेटीत आहे. त्यात दर महिन्याला तुझी एकाच गावातली लिफ्ट बिघडते. एवढंसं गाव ते, बहुतेक घरं बैठी, तिथे लिफ्ट असून असून किती असणार!

तरीही मी मनाला समजावत होते. पण परवा माझ्या स्वतःच्या चौकटीत दोन ओळी आल्या. ‘दुधावरची साय खात नाही. डाव्या कानामागचा डाग जन्मखूण नाही, इस्त्री लागली होती, चूक माझी होती.’ केसांखालचा तो डाग माझ्या नवऱ्यालाही जन्मखूण म्हणूनच ठाऊक आहे. इस्त्री लागली तेव्हा घरात मी, बाबा आणि आई एवढेच होतो, तुझा जन्मही व्हायचा होता. बाबा तर गेले. मग उरलं कोण? दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत होतं आणि मी त्याच्या पाठीमागे उभी राहून रडत होते.

काकांना पुन्हा विचारलं, या पाहुणीला आत घेतलं कुणी? त्यांनी नीट पाहून सांगितलं. परवानगी तुझ्या नावावरून गेली होती.

छोट्या, मला राग आलाय, खोटं कशाला बोलू. दवाखान्यात बाबांनी मला औषध आणायला पिटाळलं आणि तुला जवळ बसवून घेतलं, तेव्हाच सांगितलं असणार. मला का नाही? ही चिडेल, तोंडावर दार लावून घेईल, असं तुम्हा दोघांना वाटलं ना? चिडले आहेच. तुला तान्हं टाकून ती गेलीच कशी, हे मी तिला विचारणार आहे, समोर बसवून विचारणार आहे. आणि तेव्हापासून माझ्या वाटच्या आईला तू एकटाच भेटून येत होतास की काय, ते तुला.

तुला फैलावर घ्यायचं म्हणूनच खरं तर कागद पुढे ओढला होता. पण आज सकाळी कुलूप पुन्हा अडकलं. माझ्या नवऱ्याने कुलूपवाल्याला बोलावलं, तो नवंकोरं कुलूप घेऊन आला आणि मी मागच्या खोलीतून येईपर्यंत त्याने जुनं निम्मं काढलंही होतं. मी ओरडलेच. ते परत बसवायला लावलं, मजुरी दिली. बाबांसारखीच निघालीस, नवरा म्हणाला. आईच्या चौकटीत मी आता वर्ष लिहिणार नाही. पुढच्या वेळी तिकडे जाशील तेव्हा तिला विचार, किल्ली अजून आहे का. असली तर सांग, फिरवताना दार जरा स्वतःकडे ओढायचं, म्हणजे उघडतं.

तुझीच, राग न गेलेली,
ताई