चाळीस पावलं

रत्नागिरी,
रविवार, २२ एप्रिल १९८४

ती. लवूकाकांस,

राहीचा साष्टांग नमस्कार.

पत्रात 'सगळी कुशल' असं लिहायच्या आधी घरातल्या एकेकाला बघून यायचं, हे तुम्ही मला शिकवलंत. लहानपणी मी गोठ्यात जाऊन म्हशीलाही बघून यायची. आजही तशीच बघून आले. सासूबाई बऱ्या आहेत, ओले काजूगर सोलून बोटांची सालं गेलीत तेवढंच. हे फेब्रुवारीत पुन्हा बोटीवर गेले. परवा त्यांचं पत्र आलं, ठीक आहेत. गावी आईची कंबर धरते. आमच्या सदूचं लग्न मार्गशीर्षात करायचं आई-नाना म्हणतात. नाना हिंडतेफिरते आहेत.

कमळाकाकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? अलोऱ्याला कॉलनीत पाणी दोन्ही वेळ येतं का? तुमच्या हाताखाली अजून तेच गवंडी आहेत का?

मी पेरू देशातून टाकलेलं चित्राचं कार्ड तुम्हाला मिळालं, त्यावर तुमचं उत्तरही आलं. 'भिंतीचे दगड कसे बसवलेत ते नीट बघून लिही,' एवढंच तुम्ही लिहिलं होतंत. त्याला चार महिने झाले. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. आज पुरं करते.

यांची बोट काय्याव नावाच्या बंदरात इंजिनाच्या एका भागासाठी अकरा दिवस अडकली. इंजिनिअरच्या बायकोला बोटीवर नेता येतं, म्हणून मी बरोबर होते. कप्तानांनी चार दिवसांची सुट्टी दिली, तेव्हा हे म्हणाले, इतक्या लांब आलोय तर कुस्कोला जाऊ. विमानाने गेलो. कुस्को म्हणजे डोंगरात वसलेलं शहर. आपल्याकडच्यासारखी लाल कौलं, अरुंद चढउताराच्या गल्ल्या, आणि थंडी अशी की मी यांचा स्वेटर माझ्या स्वेटरवर घातला. शहराच्या वरच्या अंगाला सड्यासारखं मोकळं माळरान आहे आणि तिथे इंका राजांच्या वेळचे ते दगडी तट. गावकरी त्याला साक्सायवामान म्हणतात. मला ते नाव पाठ व्हायला दोन दिवस लागले.

काका, दगड कसे बसवलेत ते आता सांगते. एकामागे एक असे तीन तट, करवतीच्या दातांसारखे आत-बाहेर वळत गेलेले. खालच्या ओळीतले काही दगड आपल्या माजघरापेक्षा उंच. चुना नाही, माती नाही. इथवर आपल्या कुंपणाच्या गडग्यासारखंच. पण आपण बसेल तो दगड घेतो आणि फट राहिली की कपची ठोकतो. तिथे कपची कुठेच नाही. एकेका दगडाला सात-आठ कोन, आणि शेजारच्याला नेमके तेवढेच कोन उलटे. मी डोक्यातली पिन काढून फटीत घालून बघितली. गेली नाही. बसचं तिकीट घातलं, तेही गेलं नाही. वाटाड्या हसायला लागला, म्हणाला, सगळे हेच करून बघतात.

हे म्हणाले, "तुझ्या काकांना इथे आणायला हवं होतं."

मी म्हटलं, "त्यांनी यातही खोट काढली असती."

"काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, एवढा वेळ असेल तर कोण पण करील."

खरं सांगायचं तर तुम्ही तसं म्हणाला नसता. तुम्ही आधी दगडावर हात ठेवला असता. शिमगा झाला की आपण गडगा घालायला जायचो, तेव्हा तुम्ही दगड उचललात की तो हातात फिरवत राहायचात आणि मला विचारायचात, "बाय, ह्याचा तोंड खंय?" मी दाखवायची. चुकले तरी तुम्ही तसाच लावून बघायचात, म्हणजे चूक मलाच दिसायची. शाळा खाडीपलीकडे, तर पलीकडे एकटं पाठवायला आई तयार नव्हती. म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुम्ही. मुळाक्षरं जांभ्यावर कोळशाने आणि आकडे पावलांनी. तुमच्या वाट्याला आलेल्या जमिनीच्या कडेच्या काजूपासून गडग्यापर्यंत चालत मोजायचं, तुमचं एक पाऊल म्हणजे एक. चाळीस. मी शेजारून पळत पळत मोजायची. चाळिसाला गडग्याला हात लावायचा.

कुस्कोला वर चढायचं तर हवा विरळ आहे. श्वास पुरत नाही. तिथले लोक एका पाल्याचा चहा देतात, तो पिऊनही माझं डोकं ठणकत होतं. वाटाड्या म्हणाला, फाटकापासून पहिल्या तटापर्यंत शंभर पावलं, सावकाश या. मी सवयीने मोजली. माझी एकशे अडतीस भरली. मी वाटाड्याला म्हटलं, तुमचं शंभर चुकलं. यांनी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "अंतर तेवढंच आहे बाई. दम लागला की पाऊल आखडतं."

मी तिथेच खाली बसले. यांना वाटलं चक्कर आली. पाणी दिलं, तोंडावर वारा घातला. का बसले ते यांना परत बोटीवर आल्यावर सांगितलं, आणि तुम्हाला आज सांगते आहे. चौदा वर्षांनी.

तुम्ही विषमज्वराने तीन आठवडे दवाखान्यात होता, त्या वर्षीची गोष्ट. आपल्या दोन वाट्यांमधला गडगा पावसात बराच ढासळला होता. नाना म्हणाले, लवू येईपर्यंत घालून टाकू. मी टोपलीतून लहान दगड दिले. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण जुन्या जागेवर घालत नाही आहोत. चार हात तुमच्या बाजूला सरकलोय. मी विचारलं. नाना म्हणाले, "वाटण्या झाल्या तेव्हाच ह्यो गडगा वाकडा घातलान. मी सरळ करतोय. तू दगड दे." मी दगड दिले. आठ दिवस दिले.

तुम्ही परत आलात, काठी धरून. आल्या आल्या गडग्यापाशी उभे राहिलात आणि म्हणालात, "माझी बाजू अशी आखूड काय दिसते?" नानांशी तुमची बाचाबाची झाली. वाडीतली माणसं जमली. मग तुम्ही मला हाक मारलीत. काजूपासून चालायला लागलात, मी शेजारून. त्या दिवशी मला पळावं लागलं नाही. तुमचं पाऊल नेहमीपेक्षा आखूड पडत होतं. मला ते दिसत होतं, काका. तुमचे पाय काठीसारखे झाले होते.

"किती गो बाय?"

"चाळीस."

"म्हणजे बरोबर?"

"बरोबर."

चाळीस खरं होतं, पण आखडलेल्या पावलांचं. पुढचा शब्द खोटा होता. नाना माझ्याकडे बघत होते आणि तुम्हीही. तुम्ही सगळ्यांसमोर नानांच्या पायांना हात लावलात आणि म्हणालात, "दादा, माझं चुकलं. तापात डोळे फिरले माझे. पोर खोटं बोलायची नाय." त्याच मे महिन्यात तुम्ही काकूंना घेऊन अलोऱ्याला कामावर गेलात. वाडीत सगळे म्हणाले, मोठ्या भावावर आळ घेतलान म्हणून तोंड दाखवायला लाजतो. चौदा वर्षांत तुम्ही चारदा आलात. वस्तीला एकदाही राहिला नाहीत.

दुसऱ्या वर्षी मला खाडीपलीकडच्या शाळेत एकदम चौथीत घातलं. गुरुजींनी विचारलं, कोणी शिकवलं? मी नानांचं नाव सांगितलं. तेही सांगून टाकते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला मला सांगितलं होतं ते. सदूसाठी नानांना त्या कडेला चिऱ्याचं घर बांधायचं आहे. पाया गडग्याला लागून येतो, म्हणून तुमची संमती हवी. कागद तयार आहे. नाना गेल्या आठवड्यात इथे घेऊन आले आणि म्हणाले, "चार ओळी तू लिही. तुझं अक्षर बघितलान की तो सही करील." मला माहीत आहे, तुम्ही कराल. तो कागद या पाकिटात नाही. माझ्या ट्रंकेत आहे.

कुस्कोच्या वाटाड्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. राज्य गेल्यावर नव्या लोकांनी तटाचे वरचे दगड काढून नेले आणि खाली शहरात घरं, देवळं बांधली. वर्षानुवर्षं नेले. खालच्या ओळीतले मोठे तेवढे कोणाला हलवता आले नाहीत. म्हणून तट कुठे होता ते आजही कळतं.

काल मी गावी गेले. फणसाचा पाचोळा पायाने बाजूला केला. मग कोयत्याने माती खरवडली. जुन्या गडग्याच्या तळाचे काळे दगड तिथेच आहेत. सात मोजले, एका ओळीत. त्यांच्यापासून आत्ताच्या गडग्यापर्यंत माझी तीन पावलं.

नाना मागे येऊन उभे राहिले होते. मी म्हटलं, "नाना, मी काकांना खरं लिहिणार."

त्यांनी काळ्या दगडांकडे बघितलं. मग म्हणाले, "सदूचं घर मोडतंस तू."

मी म्हटलं, "घर तीन पावलं अलीकडे येईल."

आई पडवीतून ऐकत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि आत गेली. मी निघाले तेव्हा नाना आवाराच्या फाटकाशी, बेड्यापर्यंत आले, कधी येत नाहीत. म्हणाले, "लिहिणारच असशील तर एवढं पण लिही. तळाचे दगड पहारीने निघाले असते. मी काढले नाय."

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. त्याचा अर्थ मी लावत नाही. तो तुम्ही दोघे भाऊ लावा.

काका, कुठल्याही कागदावर सही करू नका. पाऊस सुरू व्हायच्या आत या. काकूंनाही आणा आणि वस्तीला राहा. काजू अजून उभा आहे. तिथून मी तुमच्याबरोबर चालेन आणि वाडीतल्या माणसांना बोलावून मोजेन, तेव्हाची जी जिवंत आहेत त्यांना. आता मला पळावं लागणार नाही, तुम्हीच सावकाश चालत असाल. म्हणून आकडा मी सांगणार नाही. काळ्या दगडांपाशी थांबेन आणि तेव्हा काय केलं ते सांगेन.

पहिल्या ओळीत 'सगळी कुशल' लिहिलं नाही ते विसरून नाही. एका माणसाला बघून यायचं राहिलं आहे.

चाळीस मोजून खोटं बोललेली, तुमच्या हाताखाली शिकलेली
राही