भुशाच्या पेटीतलं वरण

मु. पो. पिंपळगाव रेणुकाई,
ता. भोकरदन

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या संपतचा सप्रेम जयभीम.

तुझी प्रकृती कशी आहे? एरवी हे मी पत्राची पहिली ओळ भरायची म्हणून विचारतो, आज अगदी मनापासून विचारतो आहे. गुडघे दुखत असतील तर दुखू देत, पण बाकी तू ठणठणीत आहेस ना? उलट टपाली कळव. कार्ड शेजारच्या पोरीकडून लिहवून घेतलंस तरी खाली अंगठा तुझाच उमटव. एवढा आग्रह का, ते पुढे कळेलच.

तुझं मागचं कार्ड मिळालं. त्यात तू सुखदेवचीच बाजू घेतली आहेस. तुझी भावजय गेल्यापासून त्याचा एकच धोशा आहे, की मिरग लागायच्या आत बाबांना स्वतःच्या हातानं धड रांधून खाता आलं तर ठीक, नाहीतर सामान बांधून औरंगाबादला यायचं. मुलगा म्हणून त्याचं चुकत नाही. पण अक्का, मला इथून हलायचं नाही. इथं सकाळी दारात बसलं की निम्मं गाव नमस्कार करून जातं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या छड्या खाल्लेल्या आहेत. सुखदेवच्या दोन खोल्यांना बसण्याजोगं दारच नाही. तो माझं ऐकत नाही, पण तुझा शब्द मोडत नाही, म्हणून हे सगळं तुला सविस्तर लिहितो आहे.

तर मी स्वयंपाक शिकलो आहे. हसू नकोस. भोकरदनला बाजाराच्या दिवशी एक बाई गावोगावच्या बायकांना काहीतरी करून दाखवत होत्या. (मी बायकांमध्ये कसा, हे विचारू नकोस. सावली तेवढी तिथंच होती.) एक लाकडी खोकं, त्यात दाबून भरलेला गव्हाचा भुसा, मधे पातेल्याच्या मापाचा खळगा आणि वर जाडजूड गादीचं झाकण. डाळ स्टोव्हवर एकदा खळखळून उकळायची, पातेलं झाकणासकट त्या खळग्यात बसवायचं, वरून गादी दाबायची आणि विसरून जायचं. आतली ऊब आतच राहते आणि डाळ आपली आपण शिजते. रॉकेल मिळायची मारामार, त्यात मी चूल पेटवली की साऱ्या गल्लीच्या डोळ्यांना पाणी. ज्या स्वयंपाकात मुख्य काम विसरण्याचं आहे तो माझ्याचसाठी निघालेला आहे, हे मी तिथल्या तिथे ओळखलं. साबणाचं रिकामं खोकं दुकानदारानं दिलं, भुसा समोरच्या भिवानं दिला (माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा, पण मनानं मोठा), आणि जुन्या गोधडीची घडी घालून झाकण मी स्वतः शिवलं. टाक्यांबद्दल बोलायला नको.

पहिल्या दिवशी मी विसरण्याचं काम उकळण्याच्या आधीच उरकलं. संध्याकाळी डाळ जशी आत गेली तशीच बाहेर आली, फक्त भिजून. दुसऱ्या दिवशी उकळली, पण शिजतंय का हे बघायला घडोघडी झाकण काढत राहिलो. पेरलेलं बी रोज उकरून बघू नये, असं जन्मभर पोरांना सांगत आलो आणि स्वतःला सांगायचं राहून गेलं. त्यानंतरच्या खेपेला भिवाच्या बायकोची, कांताबाईची, खुडूक कोंबडी उबेला म्हणून पेटीवर येऊन बसली. उठवायला गेलो तर टोचायला धावली. तिच्या भीतीनं मला दिवसभर झाकण उघडता आलं नाही, आणि त्या दिवशी वरण असं मऊ शिजलं की पळीला धरवेना. तेव्हापासून मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, भोपळा, सगळं जमतं. (भाकरी पेटीत होत नाही, हे कबूल.)

पण या पेटीत एक खोट आहे, ती त्या बाईंनी सांगितली नव्हती. पेटीला धूर नाही. आपल्या गल्लीत संध्याकाळी एखाद्या घरावर धूर दिसला नाही की लोक काय समजतात, हे तुला ठाऊक आहे. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणीनं पिठलं-भाकरी न्यायची, काही विचारायचं नाही, दोन घास खाऊ घालायचे. माझ्या घरावर लागोपाठ काही दिवस धूर नव्हता, आणि मला तुझं कार्ड हातात घेऊन, डोळे पुसत दारात बसलेलं कांताबाईनं पाहिलं. कार्ड तुझ्या वडीगोद्रीचं आहे, हे पोस्टमननं गल्लीला आधीच सांगून ठेवलेलं. (डोळे खरोखरच भरून आले होते, अक्का. तूही मला जा म्हणालीस म्हणून.)

कांताबाई टोपलं घेऊन आली आणि काही न बोलता वाढू लागली. मला वाटलं, पुन्हा माझ्या स्वयंपाकाची कीव आली असेल, म्हणून मुकाट्यानं खाल्लं. मागून भिवा आला, मग हळूहळू निम्मी गल्ली येऊन बसली. बोलणं तुझ्यावर आलं. तू कुणाचं बाळंतपण केलंस, कुणाच्या पोराला ताप असताना रात्र जागलीस, भिवाला चिंचेच्या झाडावरून कशी उतरवून बडवलंस. मलाही भरून आलं आणि मीही तुझी तोंड भरून स्तुती केली. (तुझ्यासमोर कधी केली नाही, हे खरं.) शेवटी भिवा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मंग गुरुजी, मातीला सकाळच्या गाडीनंच निघायचं ना? आम्ही समदे येऊन राह्यलो."

कुणाच्या मातीला, असं मी विचारताच कांताबाईनं गळा काढला. तिला वाटलं, दुःखानं गुरुजींचं डोकं फिरलं. मी शपथा घातल्या, तुझं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि धूर का नव्हता हे पटवायला पेटी उघडली. वाफ सरळ तिच्या तोंडावर गेली. "आगं माय! चूल न्हाई, धूर न्हाई, अन् ह्ये वरन कवा शिजलं?" मग पिठलं आणि वरण एकत्र करून सगळ्यांनी खाल्लं आणि कुणीच लवकर घरी गेलं नाही. फार दिवसांनी मी माणसांत बसून जेवलो, अक्का. फार बरं वाटलं. हे सारं तुझ्या नावानं झालं, म्हणून तुझे आभार मानतो. तेव्हा सुखदेवला एवढंच कळव, की संपतचं इथं छान चाललं आहे.

तुझा,
संपत

ता. क. पत्र टपालपेटीत टाकायच्या आधीच सुखदेव येऊन थडकला. भिवाच्या भावानं औरंगाबादला जाऊन तुझी बातमी त्याला पोचवली होती. आला तो रडत. तू आहेस म्हटल्यावर रागावला आणि माझी ट्रंक भरायला लागला. मी त्याला वरण-भात वाढला. खाता खाता वरण अजून गरम कसं, म्हणून विचारू लागला. सूनबाई बेबीनंदाची दवाखान्यात पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे घरात एकाच्या ताटात नेहमी गारढोण अन्न. मग पेटीत हात घालून बघितलं, वरून बघितलं, खालून बघितलं, आणि शेवटी ट्रंक इथंच ठेवून पेटी डोक्यावर घेऊन स्टँडवर गेला. जाताना म्हणाला, बाबा, तुम्ही दुसरी करून घ्या. दुसरी करा म्हणजे इथंच राहा, असा मी अर्थ घेतला आणि पुन्हा विचारलं नाही.

आणखी ता. क. खोकं मिळालं, भुसाही आहे. झाकणाच्या गादीसाठी तुझी एक-दोन जुनी लुगडी हवी आहेत. ती पोस्टानं किंवा कुणाच्या हाती मात्र पाठवू नकोस. लुगडी तुझ्याशिवाय दारात आली तर गल्ली माझं काही ऐकणार नाही. तू स्वतःच घेऊन ये आणि चांगली राहा. तशी फार घाई करू नकोस. वरण बघूनही कांताबाईची खात्री पटलेली नाही, मी दुःख लपवतो आहे असंच ती धरून चालली आहे. तू डोळ्यांना दिसेपर्यंत ती रोज पिठलं-भाकरी आणणार, आणि तुला म्हणून सांगतो, तिचं पिठलं माझ्या वरणापेक्षा कितीतरी चांगलं असतं.