थॉर्नबेकला बाबांना पोचवल्याची हकीकत

थॉर्नबेक, यॉर्कशर
जूनचा दुसरा रविवार

प्रिय हिल्डा,

तुझं पत्र आणि मेपलच्या पाकाची बाटली, दोन्ही धड पोचली. तुझा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. कॅनडातली थंडी ओसरली हे वाचून आईला बरं वाटलं. (तिचा अजूनही समज आहे की तू तिकडे बर्फातच चालतेस आणि म्हणूनच गुडघा दुखतो.) आई ठणठणीत आहे. मीही बरा आहे, निदान तब्येतीने.

बाबांची राख ठेवून झाली का, असं तू विचारलं आहेस. याचं उत्तर हो असं आहे, पण ते थोडं लांबणार आहे.

बाबा अठ्ठावीस वर्षं थॉर्नबेक ॲबीच्या मित्रमंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यांची राख त्या जुन्या मठाच्या हिरवळीतच जावी यात कोणाचं दुमत नव्हतं. समितीने परवानगी दिली. नियमाप्रमाणे आधी सभासद, मग त्याच्या शेजारची जागा जोडीदाराला. आईचं सगळं लक्ष त्या शेजारच्या जागेवर. तिथून नदी दिसते, आणि एवढी वर्षं समितीच्या सभांना चहा करून आपण ती कमावली आहे असं ती म्हणते. समितीने मला फक्त कार्यालयाला लिहून दिवस ठरवायला सांगितलं. मी तेव्हा लीड्सला होतो, तिथूनच ईमेल केली. थॉर्नबेक ॲबी एवढंच शोधलं, आणि जो पत्ता पहिला आला त्यावर पाठवली.

आता तुला आठवत असेल की थॉर्नबेक ॲबी नावाच्या गोष्टी दोन आहेत. एक मठ, आठशे वर्षांपूर्वीचा, छप्पर नसलेला. दुसरी थॉर्नबेक ॲबी रेल्वे, जी मठापासून सहा मैलांवर आहे. (जुन्या काळी जमीनदाराने आगगाडी मठाजवळ येऊ दिली नाही. कंपनीला मात्र प्रवासी हवे होते, म्हणून स्टेशन लांब बांधून नाव तेच दिलं. पर्यटक उतरायचे, चौकशी करायचे आणि शिव्या देत चालू लागायचे.) सरकारने ती गाडी बंद केल्यावर गावातल्या हौशी लोकांनी इंजिन विकत घेऊन पुन्हा सुरू केली, आणि तेव्हापासून बाबांचं आणि त्यांचं वैर. धुराने मठाचे दगड काळे पडतात, नावामुळे मठाची माणसं गाडीत जाऊन बसतात, अशी पत्रं त्यांनी किती लिहिली याला गणती नाही.

मला उत्तर आलं ते फार अदबीचं होतं. तुमच्या वडिलांना आम्ही सगळेच ओळखतो, हा आमचा मान आहे, शनिवारी सकाळी स्टेशनच्या आवारात या, राख कागदी पिशवीत आणा, प्लास्टिक चालत नाही. मला वाटलं, मित्रमंडळ पर्यावरणवादी झालं. आपली मोटार स्टेशनवर ठेवून ते आपल्याला पुढे मठाकडे नेणार असतील, असं मी आईला सांगितलं.

फलाटावर पोचलो तर इंजिनाच्या तोंडावर पांढऱ्या फुलांचं चक्र. पाच म्हातारे गणवेशात, टोप्या हातात घेऊन ओळीत उभे. आईने माझा दंड धरला.

"गॉडफ्रे, हे कोण लोक?"

"रेल्वेवाले."

"मग आपण इथे काय करतोय?"

मी तोंड उघडणार एवढ्यात ड्रायव्हर नॉर्मन मेटकाफ पुढे आला. पहाटेपासून इंजिन घासत होतो म्हणाला, नखांत काजळी होतीच. बायकोने फळांचा केक केलाय, नंतर चहा घेऊनच जायचं. मी आईकडे पाहिलं. आई केककडे पाहत होती.

"आता काय बोलणार," ती हळूच म्हणाली. "केक केलाय त्यांनी."

हिल्डा, तू तीस वर्षं परदेशात आहेस, तेव्हा तुला कदाचित वाटेल की एका वाक्यात चूक सांगून घरी जाता आलं असतं. इथे ते शक्य नव्हतं. बाबांना आम्ही फावड्यावर ठेवलं. (गाडीच्या हौशी लोकांची ही शेवटची इच्छा असते म्हणे. राख भट्टीत जाते आणि धुराड्यातून निघते. प्लास्टिक जाळीला चिकटतं.) नॉर्मनने भट्टीचं दार उघडलं, आईने फावडं लोटलं आणि त्याच्या सांगण्यावरून शिट्टीही वाजवली. धूर बराच काळा निघाला. ज्याच्याविरुद्ध बाबा आयुष्यभर लिहीत होते, त्यात आता त्यांचाही वाटा होता.

"कडक माणूस," नॉर्मन टोपी घालताना म्हणाला. "त्यांची पत्रं आम्ही काचेत लावलीत तिकीटघरात. आमच्याकडे इतकं लक्ष दुसऱ्या कोणी दिलं नाही बघा."

केक उत्तम होता. आईने दोनदा घेतला. परतताना मात्र घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "तो तिथे नाही म्हणजे माझी जागा गेली." तेव्हापासून ती रोज मला टाळून खिडकीबाहेर बघते. तिकडे मित्रमंडळाच्या नव्या अध्यक्ष फॉसेटबाई विचारताहेत की राख नेमकी कधी ठेवली, कारण तुम्हाला कोणीच पाहिलं नाही. सप्टेंबरात पाटी बसवण्याचा समारंभ आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मुलांना आशीर्वाद, आणि एरिकला माझी आठवण सांग.

तुझा,
गॉडफ्रे

ता. क. तुझ्या घरी लाकडाची शेगडी आहे. डबाभर राख चाळून पाठवशील का? कोळशाची नको. पाकिटावर बागेचं खत असं लिही.

ता. क. २. राख पाठवू नकोस. हे पत्र आईने वाचलं (ती माझी पत्रं अजून वाचते), कोट चढवला आणि खाटकाच्या दुकानात फॉसेटबाईंना गाठून सगळं सांगून टाकलं. सोबत मीही होतो. बाईंनी नुकतीच घेतलेली मूत्रपिंडांची पुडी पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "नॉर्मनच होता का?"

"हो," आई म्हणाली. "फळांचा केक होता."

"आम्हाला आल्याचा मिळाला," फॉसेटबाई म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याची, हॅरल्डची राख मागच्या वर्षी त्याच भट्टीत गेली. त्याआधी खजिनदारांची, त्याही आधी आपल्या चर्चच्या व्हिकरच्या भावाची. सगळ्यांनी त्याच पत्त्यावर लिहिलं होतं आणि नंतर कोणाला नाही म्हणवलं नाही. नदीकाठच्या त्या अख्ख्या रांगेत पाट्यांखाली कोणी नाही. बाईंच्या मते नियमात पाटीच्या शेजारची जागा असं म्हटलं आहे, राखेच्या नव्हे, तेव्हा आईची जागा पक्की. आई घरी येऊन माझ्याशी बोलली आणि जेवली.

ता. क. ३. समारंभ ठरल्याप्रमाणे होणार. पाटीखाली ठेवायची राखेची पेटी रिकामी असेल, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना ते ठाऊक असेल. म्हणून तू सप्टेंबरात यायलाच हवं. व्हिकर प्रार्थना म्हणत असताना आईला हसू फुटलं, तर तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरायला कोणीतरी पाहिजे. मला जमणार नाही, मला फॉसेटबाईंना धरायचं आहे.