चालणं पुरतं

३ ऑक्टोबर

चपात्या लाटता लाटता शितलने विचारलं, "ताई, नुसतं चालणं पुरतं का वो? वजनं तर उचलतोच आपण." मी म्हटलं, पुरतं. तव्यावरची चपाती उलटली आणि परत म्हटलं — चांगलं पुरतं!

खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

पोलीस भरतीत बायकांना आठशे मीटर पळायचं असतं. मैदानाचे दोन फेरे. गोळा फेकायला ताकद लागते, ती शितलकडे, आमच्या धाकट्या जाऊबाईंकडे, म्हशीएवढी आहे. पण पळायला दम लागतो आणि तसला दम चालून येत नाही. मी कॉलेजात दोन वर्षं पळाले आहे, मला माहीत आहे. तिला नाही. बरं आहे.

४ ऑक्टोबर

आबांनी फॉर्म भरायला परवानगी दिली. तीही ओट्यावर चार माणसं बसलेली बघून, म्हणजे सासऱ्याचा मोठेपणा संध्याकाळपर्यंत सगळ्या खुटबावात पोचेल. "दोघी बी भरा. पर जिचे मार्क जास्त, ती एकटीच जाईल. गोठ्याला एक सून पायजेच. आन् गावातनं पळायचं न्हाई! पोपटरावाच्या सुना पळताना लोकांनी बघायच्या व्हय? चाला की. चालायला कोण न्हाई म्हणतंय?"

गोठ्यात अकरा गाई आहेत. शेण मी काढते, धारा शितल काढते. पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही. शितलच्या हातात अजून सहा वर्षं आहेत. या वेळी तिचं नाही झालं तर काय बिघडतं?

१२ ऑक्टोबर

हृतिक भाऊजींनी बायकोसाठी रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतलं, मधे पाइप घातला आणि वजन तयार केलं. ते खांद्यावर घेऊन माझ्या पाच बैठका निघतात. शितलने वीस मारल्या! वर पेंडीचं पोतं एकटीने उचलून गव्हाणीपाशी नेऊन टाकलं. सासूबाई कौतुकाने बघत बसल्या. "बया, हिच्या अंगात काय हाय!" मी हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

माझ्या वेळी आमचे हे काय आणतात? कंपनीतून येतात आणि चहा मागतात.

तिला वेळापत्रक लिहून दिलं. एक दिवस बैठका, एक दिवस गोळा आणि रोज पहाटे कॅनॉलच्या कडेने आठ किलोमीटर चालणं. छाती पुढे, हात कोपरात वाकवून, पाऊल पटपट. तिने तो कागद भिंतीवर चिकटवला आणि खाली लिहिलं — 'स्नेहलताई, माझ्या सर'. बावळट!

२६ ऑक्टोबर

मांडवगणला माहेरी. आईचे गुडघे दुखतात असं सांगून आले. ते दुखतातच म्हणा, पण मी आले ती शाळेच्या मैदानावर पळायला. कॉलेजातले जुने बूट. बारा फेरे. नंतर कुंपणाशी उलटी झाली. खूप बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी पण आईचे गुडघे दुखणार.

९ नोव्हेंबर

आज घाबरले. शितल आठ किलोमीटर चालून आली, लगेच दोन बादल्या पाणी गोठ्यात नेलं आणि धार काढायला बसली. श्वास लागलेला नाही! मनगट धरून नाडी मोजली. महिन्यापूर्वीपेक्षा बरीच कमी. चेहरा बारीक झालाय, कंबर उतरलीय, झोप म्हणे दगडासारखी लागते. बैठका तीस.

चालणं खरंच पुरलं तर?

मग मोबाइलवर तासभर व्हिडिओ पाहिले. जीव निवांत झाला. चालण्याने हृदय चांगलं राहतं, थकवा निघतो, वजन उचलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी अंग मोकळं लागतं. म्हणजे जगायला पुरतं. आठशे मीटरला नाही.

१७ नोव्हेंबर

"ताई, मळ्यात जरा पळून बघू का? कुणी बघत न्हाई." मी म्हटलं, पळालीस की बैठकांची ताकद जाते. पटलं! लगेच पटलं!

६ डिसेंबर

डावी नडगी दुखते. बर्फ लावला. उद्या पळणारच.

१४ डिसेंबर

दौंडला डॉक्टरांकडे गेले. नडगीच्या हाडाला बारीक चीर. त्यांनी माझे बूट हातात घेऊन तळ वाकवून पाहिले. "एकदम एवढं पळायला कोणी सांगितलं तुम्हाला? आधी पायात ताकद आणायची, भरपूर चालायचं, मग पळायचं. आता दोन महिने विसरा."

मैदानी चाचणी चाळीस दिवसांवर आहे.

एस.टी. स्टँडवर बसून रडले. शेजारची बाई विचारत होती, कोण गेलं?

घरी सांगितलं, गोठ्यात घसरले. सासूबाईंनी भुवई वर केली. तेवढ्यात शितल म्हणाली, "व्हय वो आत्या, माझ्यासमोरच घसरल्या." ती तिथे नव्हतीच! मी घसरलेच नाही तर ती कुठून असणार? काहीही बोलते मूर्ख. पण वाचले.

१६ डिसेंबर

शितलने माझ्या वाटणीचं शेण काढलं. वर पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. मला शरम वाटली, इथे लिहायला हरकत नाही. माझं तर संपलं. आता खरं सांगायला माझं काय जातं? अजून अडतीस दिवस आहेत. तिच्या अंगात ताकद आहे, चालून पायाही झालाय. आजपासून मळ्यात पळाली तर निघेल. उद्या सकाळी सांगायचं ठरवलं.

१७ डिसेंबर

सांगायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाई शेजारच्या साखरबाईंना सांगत होत्या, "शितल गेली तरी काय अडत न्हाई. स्नेहल हाय की. ती कुठं जातीय आता?"

भाजी चिरायला बसले. नाही सांगितलं.

२ जानेवारी

बैठका चाळीस. चालणं दहा किलोमीटर. मी म्हटलं, शाब्बास.

२३ जानेवारी

मैदानी चाचणी. माझंही प्रवेशपत्र आलं होतं, ते पर्समध्ये तसंच राहिलं. कुबडी घेऊन मी हट्टाने गेले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचा लई जीव हाय तिच्यावर."

जाळीबाहेरून सगळं दिसत होतं. गोळा तिने असा फेकला की मोजणाऱ्या बाईने मागे वळून पाहिलं. मग आठशे मीटर. पहिला फेरा शितल सगळ्यांच्या पुढे! मी जाळीला चिकटून उभी राहिले. दुसऱ्या फेऱ्यात वळणावर तोंड उघडलं. पाय जड झाले. एक पोरगी पुढे गेली, मग चार गेल्या, मग सगळ्याच.

आणि मग ती चालायला लागली. मैदानावर, सगळ्यांच्या देखत! छाती पुढे, हात कोपरात वाकवून, पाऊल पटपट. मी शिकवलं तसं, जराही चूक नाही. मागे शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "मावशी, बाजाराला निघाला का?" ती तशीच चालत शेवटपर्यंत गेली.

मला हसू आलं. खरं लिहिते, आधी हसूच आलं.

९ फेब्रुवारी

यादी लागली. एका गुणाने गेली. एका!

आबा म्हणाले, "पुढच्या साली दे परत. तवर गोठा हायेच."

१६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी कुबडी काढली. पळायचं नाही, चालायला हरकत नाही.

शितलने माझे पळायचे बूट धुऊन उन्हात ठेवले होते. मी पलंगाखाली मागे, पत्र्याच्या पेटीआड लपवले होते ते. म्हणाली, "ताई, तुमी माहेरी पळत व्हता ते मला ठावं हाय. मला वाटायचं, तुमच्यात ताकद कमी, म्हणून तुमाला पळाया लागतंय. मला कशाला लागतंय? तुमी सांगितलंवतंच की."

मग वेळापत्रकाचा कागद समोर धरला. "पुढच्या साली पण चालणंच ठिवू ना?"

मी म्हटलं, चालणंच ठेव. पुरतं.

उद्यापासून मीही तिच्याबरोबर जाणार आहे.