गाल्पोच्या बांधाचा ठराव

गाल्पो, १४ एप्रिल

प्रिय दादा,

तू आणि वहिनी बरे असाल. इथे चिखलात यंदा तिसऱ्या शिंपल्या चांगल्या भरल्यात. सोबत वाळवलेलं शेवाळ पाठवतेय, वहिनींना आवडतं म्हणून. माझे गुडघे कुरकुरतात, पण चिखलावरून फळी अजून तरण्या पोरींपेक्षा जोरात ढकलते.

मोठी बातमी म्हणजे आपल्या खाडीचं पुढच्या वीस वर्षांचं धोरण ठरलं. या वेळी जिल्हा कचेरीने नुसता कागद धाडला नाही. चिखलात तिसऱ्या काढणाऱ्या आम्ही बायका, बांधाआतले भातवाले, नाववाले आणि साहेबलोक, सगळ्यांनी एका खोलीत बसून तो लिहायचा होता. बैठका चालवायला मला बसवलं. हसू नकोस.

वाद एकच होता. बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचं का? घेतलं तर बांधाआतला मेलेला चिखल पुन्हा जिवंत होईल. भातवाले म्हणत, शेतं खारवतील. तीन बैठका भांडणातच गेल्या.

चौथीला भातवाल्यांचा म्होरक्या प्यो जोंगगाप उठला. "ज्याने बांधाच्या कागदावर गावाचा शिक्का मारून खाडी विकली, त्याची बहीण आम्हाला शहाणपण शिकवणार?"

हे मी बावीस वर्षं ऐकतेय. आईच्या श्राद्धाला तू येत नाहीस, तेव्हा जेवणाच्या पंगतीतही ऐकते, आणि भात वाढत राहते.

त्या दिवशी मात्र मी उभी राहिले. म्हटलं, "शिक्का दादाने नाही मारला. तो सरपंच होता, शिक्का त्याच्या खणात असायचा. तिथून काढून मी मारला. बांध झाला की बायकांची चिखलातून सुटका होईल, असं बांध घालणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला आणि मला ते पटलं. दादाला सगळं कळलं होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही. गाव सोडून गेला."



मग प्यो म्हणाला, "बावीस वर्षं तोंड शिवून बसलीस, बाई?"

"बसले."

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मग माझंही ऐका. बांध आहे तरी चार वर्षं माझ्या शेतात खार चढतोय, म्हणजे उघाडी बंद ठेवूनही शेतं वाचत नाहीत. तांदळाचा भाव पडेल म्हणून बोललो नाही."

दुसरा भातवाला ओरडला, "अरे, माझ्याही!"

त्यानंतर काम सरसर झालं. यंदा कापणी झाली की एक उघाडी उघडायची. पाण्याची तपासणी भातवाल्यांनी आणि आम्ही मिळून करायची. कुणाचं शेत आणखी बिघडलं तर उघाडी बंद, आणि भरपाई कचेरीने द्यायची. सगळ्यांनी सह्या केल्या.

बाहेर पडताना प्योने तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. तुझ्याशी आधी मला बोलायचंय.

गावासमोर बोलले ते सोपं होतं, दादा. तुझ्यासमोर बोलणं राहिलंय. रविवारी सकाळच्या बसने तुझ्याकडे उल्सानला येतेय. माफ करायचं की नाही ते तू ठरव. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी माझ्या तोंडाने सांगितल्याशिवाय परत फिरणार नाही.

जिच्यासाठी तू गाव सोडलंस, ती तुझी धाकटी,
मल्सुन