ढोलीचं वजन

प्रिय चिमणे,

अक्षर वाकडंतिकडं येईल, समजून घे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पट्ट्या मारून घोटून घेतलेलं वळण आज हाताला सापडत नाहीये.

आधी तुझ्या उंदरांचं सांगते. काडी आहे तशीच, काडीसारखी. मागचे पाय ओढत चालते, म्हणून तिचं खाणं मऊ कालवून चमच्याने देते. ढोली मात्र फुगतच चाललीय. तू सांगितलंस तशा बिया बंद केल्या, काकडी आणि वाटाणे सुरू केले, दोघींना वेगवेगळं बसवून खायला घालते. तरी रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडग्यात बसवली की ती आधीपेक्षा जडच. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी एवढं वजन तिच्या छातीला झेपणार नाही, घरात कुणीतरी लाड करतंय. मी जवळजवळ भांडलेच त्यांच्याशी. घरात आम्ही दोघंच, आणि तुझे बाबा तर तिला शेपटीवाली सासू म्हणतात.

तू पिंजरा ठेवून गेलीस तेव्हा किती दिवस तोंड फिरवून बसले होते, आठवतं ना? मग एकदा त्यांच्या शिवणाच्या दुकानातून कोटाच्या अस्तराचे तुकडे आणून दोघींना झोपायला झोळी शिवून दिली, दुहेरी शिलाईची, आणि वर मलाच म्हणाले की कापड वाया जात होतं. अलीकडे जेवायला त्यांना पिंजऱ्याशेजारचीच खुर्ची लागायची. मला आपलं वाटायचं, तुझी आठवण येत असेल.

काल ती झोळी धुवायला काढली. आत ढोलीने साठवलेला ढीग. पावाच्या कडा, मांसाचे तुकडे, लोण्यात परतलेले बटाटे. सगळं मी बाबांच्या ताटात वाढलेलं. पोट भरून उरलेलं एवढं, तर तिने खाल्लेलं किती असेल. शाळेत सिस्टर ताटात काही टाकू द्यायच्या नाहीत, तेव्हा मी कोबी रुमालात लपवायचे. त्या लबाडीत मुरलेली मी, आणि समोर बसून हे चाललेलं मला दिसलं नाही. मग उठून कपाट उघडलं. त्यांच्या सगळ्या पँटी कंबरेत आत घेतलेल्या, त्यांच्याच हाताच्या टाक्यांनी. इस्त्री मीच करते, पण शिलाई इतकी सफाईची की कधी बोटाला लागली नाही.

विचारलं तर आधी हसले. म्हणाले, सासूबाईंना उपाशी कसं ठेवायचं गं. मग मान खाली घालून म्हणाले, घास उतरत नाही, पाण्याने ढकलला तरी छातीत अडकतो, आणि तुला सांगितलं असतं तर तू आणखी वाढत बसली असतीस.

आज सकाळी इस्पितळात त्यांना दुर्बिणीने तपासलं. अन्ननलिकेत गाठ आहे, कसली ते अजून कळायचंय. काढायची झाली तर आधी अंगावर वजन चढायला हवं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे आता एकाच घरात मी ढोलीचं उतरवायचं आणि त्यांचं चढवायचं. दुपारी त्यांना पातळ पेज दिली. ढोली जाळीला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्यांच्याजवळ तिला द्यायला काहीच नव्हतं.

तुला एवढ्यात कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. तिला फक्त उंदरांचं लिही, म्हणाले. तर मी उंदरांचंच लिहिलंय. तू ये.

तुझीच, दाराकडे कान लावून बसलेली,
आई